बंद पडलेल्या पबच्या परसात चाचणी खड्डा: गावकऱ्यांनी करायच्या उत्खननाची कृती

पब म्हटलं की आपल्याकडे शहरातली दणदणाटाची जागा डोळ्यांपुढे येते. इंग्लंडच्या खेड्यातला पब म्हणजे चावडी, खानावळ आणि वाटसरूंचा मुक्काम एकाच छपराखाली. लिलाव तिथे व्हायचे, गावातल्या मंडळांच्या सभा तिथे भरायच्या, संशयास्पद मृत्यूची कॉरोनरची चौकशीही बऱ्याचदा तिथेच बसायची. असे शेकडो पब बंद पडून आज तिथे घरं, वाहनतळ किंवा नुसती मोकळी जागा आहे. त्या जागेचा इतिहास गावातल्या लोकांनी स्वतः खोदून शोधायची पद्धत तिथे चांगली रुळली आहे. लेस्टरशायरमधल्या किबवर्थ गावात २००९ मध्ये लोकांनी आपापल्या बागांत आणि मोकळ्या जागांत पन्नासहून जास्त खड्डे घेतले, तेही एक मीटर बाय एक मीटरच्या साध्या मापाचे. पुढची कृती त्याच मापाची आहे. इंग्लंडमध्ये राहणारी बरीच मराठी कुटुंबं आता लहान गावांत आहेत. तिथल्या स्थानिक इतिहास मंडळात त्यांना सहज सामील होता येतं, आणि ८ ते १६ वयाच्या मुलांसाठी यंग आर्किऑलॉजिस्ट्स क्लबच्या शाखा आहेत.

एक ताकीद आधीच. ही कृती इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. भारतात तर परवान्याशिवाय पुरातत्त्वीय उत्खनन करताच येत नाही, त्यामुळे गावाकडच्या पांढरीवर हा प्रयोग करू नये.

फावड्याआधी कागद

जागा खरोखर पबचीच होती का, हे आधी ठरवा. पबचं नाव एका इमारतीवरून दुसरीवर जातं, ही यातली सगळ्यात मोठी फसगत. ‘रेड लायन’ १८४० मध्ये रस्त्याच्या एका बाजूला आणि १८८० मध्ये दुसऱ्या बाजूला असू शकतो. म्हणून नावावर विसंबू नका, नकाशावरच्या जागेवर विसंबा. १८४०च्या आसपासचे टाइदचे, म्हणजे चर्चला द्यायच्या दशांश कराच्या आकारणीसाठी काढलेले नकाशे आणि त्यांच्या सोबतच्या याद्या मालक, कूळ आणि जागेचा वापर सांगतात. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशाखात्याच्या पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच) नकाशांवर ‘पी.एच.’ म्हणजे पब्लिक हाउस, ‘बी.एच.’ म्हणजे बिअरहाउस, ‘डब्ल्यू’ म्हणजे विहीर आणि ‘पी’ म्हणजे पाण्याचा पंप. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने नकाशे फुकट पाहता येतात. १७५३ ते १८२८ या काळात परवानाधारकांच्या नोंदवह्या ठेवणं कायद्याने बंधनकारक होतं. ज्या टिकल्या त्या काउंटीच्या अभिलेखागारात मिळतात. १९१०च्या जमीनमूल्यांकनाच्या वह्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, आणि त्यांत किती खोल्या, तबेला कुठे, बिअर गाळायची खोली होती का, असा तपशील असतो. जुन्या वर्तमानपत्रांतल्या विक्रीच्या जाहिरातीही याच कामी येतात.

पब कोणत्या प्रकारचा होता ते इथेच समजून घ्या. १८३०च्या बिअरहाउस कायद्याने कोणत्याही करदात्याला दोन गिनी भरून स्वतःच्या घरात बिअर गाळायची आणि विकायची मुभा दिली. १८६९ मध्ये परवान्याचा अधिकार पुन्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेला. मधल्या चाळीस वर्षांतलं बिअरहाउस बहुधा झोपडीवजा घराची पुढची खोलीच असायचं. तिथल्या उकिरड्यात घरगुती सामानच जास्त निघणार. घोडागाड्यांच्या मार्गावरच्या इनमध्ये, म्हणजे मुक्कामाची सोय असलेल्या पबमध्ये, मात्र तबेला, मोठं स्वयंपाकघर आणि मुक्कामाच्या खोल्या धरून चाला.

परवानग्या लेखी घ्या. जागामालकाची सही एकाच कागदावर दोन गोष्टींसाठी घ्या: खोदायला परवानगी, आणि निघालेल्या वस्तू संग्रहालयाला द्यायला संमती. कायद्याने ‘ट्रेझर’, म्हणजे जुना मौल्यवान ऐवज, ठरणारं सोडून बाकी सगळं मालकाचं असतं, आणि ही दुसरी सही मागाहून मागायला गेलं की अडचण होते. काउंटीच्या पुरातत्त्व अधिकाऱ्याला कळवा आणि हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट रेकॉर्डमधून, म्हणजे काउंटीच्या पुरातत्त्व नोंदवहीतून, त्या जागेच्या जुन्या नोंदी मागवा. जागा संरक्षित स्मारकात मोडत असेल तर १९७९च्या कायद्यानुसार सरकारी संमतीशिवाय कुदळ लावणं गुन्हा आहे. स्वयंसेवकांचा विमा काढा. जवळच्या संग्रहालयाला आधीच विचारा की ते पेट्या स्वीकारणार का. नाहीतर चार वर्षांनी त्या कोणाच्या तरी गॅरेजमध्ये ओल धरून बसतात.

खड्डा कुठे घ्यायचा

नवख्यांना बारच्या खोलीत खोदायचं असतं. तिथे फारसं काही मिळत नाही, कारण फरशी रोज झाडली जायची. पबचं आयुष्य मागच्या परसात साठतं: स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून काही पावलांवर, विहीर आणि बिअर गाळायच्या खोलीच्या मधल्या पट्ट्यात, तबेल्याच्या भिंतीलगत, जुन्या शौचकूपाच्या जागी. शौचकूपाचा खड्डा बंद करताना घरातली फुटकी भांडी त्यात एकदम लोटलेली असतात. असा एकगठ्ठा टाकलेला माल मिळणं भाग्याचं.

वाहनतळ दिसला की नाक मुरडू नका. डांबर आणि खडीचा थर बहुधा अर्ध्या मीटरच्या आतच संपतो, आणि त्याखाली जुन्या अंगणाची फरसबंदी शाबूत झाकलेली असू शकते. बागेत शंभर वर्षं बटाटे लावलेले असतील तर तिथली वरची माती मात्र पुरती घुसळलेली असते.

भूभौतिक पाहणी, म्हणजे न खोदता यंत्राने जमिनीखालचा अंदाज घेणं, परवडत असेल तर विद्युतरोध मोजणारं यंत्र घ्या. दगडी आणि विटांच्या भिंती त्यात दिसतात. मॅग्नेटोमीटर इथे जवळजवळ वाया जातो, कारण विटा, खिळे आणि लोखंडी नळ त्याला गोंधळवून टाकतात.

तळघरावर खोदू नका. पब पाडताना तळघर बहुतेक वेळा राडारोड्याने घाईघाईत भरलेलं असतं आणि आत पोकळ्या राहतात. जमिनीवर गोल खळगा दिसला तर खाली विहीर आहे असं समजून लांब राहा. वीज, गॅस आणि पाण्याच्या वाहिन्यांचे नकाशे मागवा, शिवाय केबलशोधक यंत्र प्रत्येक खड्ड्यावर फिरवा. नकाशात नसलेली वायर पबच्या बागेत हमखास असते, कारण अंगणातले दिवे कोणीतरी स्वतःच जोडलेले असतात.

सहा खड्डे घेणार असाल तर त्यातला एक पबच्या जागेत घेऊच नका. तो शेजारच्या साध्या घराच्या बागेत, मालकाला विचारून घ्या. त्याच्याशिवाय बाकीच्या पाच खड्ड्यांचा अर्थ लागत नाही. कारण पुढे येईलच.

सामान आणि आखणी

एका खड्ड्याला चार माणसं आणि दोन दिवस धरा. चार इंची टोकदार थापी दोन, फावडं, लहान टिकाव, सुपली आणि हातझाडू, दहा लिटरच्या बादल्या सहा, दहा मिलिमीटर जाळीची चाळण, ताडपत्री दोन, चार खुंट्या, सुतळी, पाणसळ, ओळंबा, मोजपट्ट्या, गुडघ्याखाली घ्यायला फोम, हातमोजे. पिशव्या बंद होणाऱ्या असाव्यात आणि लिहिण्यासाठी न पुसणारं पेन असावं. प्रत्येक पिशवीत कोरड्या लेबलाचा तुकडाही टाका, कारण पिशवीवरची अक्षरं घासून जातात.

चौकोन आखताना कर्ण मोजा. दोन्ही कर्ण १४१.४ सेंटिमीटर आले की कोन काटकोन झाले. चौकोनाची जागा दोन कायम खुणांपासून, म्हणजे घराच्या कोपऱ्यापासून वगैरे मोजून नोंदवा. कुंपण कायमचं नसतं. हिरवळ २५ सेंटिमीटरच्या सोळा तुकड्यांत कापा, ओळीने ताडपत्रीवर मांडा आणि उन्हाळ्यात पाणी शिंपडत राहा.

खोदाई

दहा-दहा सेंटिमीटरच्या टप्प्यांनी खाली जा. पण टप्पा ही सोय आहे, नियम नव्हे. टप्प्याच्या मध्येच मातीचा रंग किंवा पोत बदलला, चुना किंवा कोळसा दिसू लागला, तर तिथेच थांबून नवा थर क्रमांक द्या. दहा सेंटिमीटर पुरे करायच्या हट्टाने दोन थरांचा माल एका पिशवीत गेला की तो पुन्हा वेगळा करता येत नाही.

एका टप्प्यात शंभर लिटर घट्ट माती असते, वजनाने साधारण दीडशे किलो. सुटी झाल्यावर ती बारा-तेरा बादल्या भरते. बादल्या मोजून लिहा. पुढे दोन खड्ड्यांची तुलना करताना ‘बादलीमागे किती खापऱ्या’ हाच आकडा वापरायचा आहे. सगळी माती चाळा. शिवाय प्रत्येक थरातली एक बादली पाच मिलिमीटर जाळीतून काढा. टाचण्या, छर्रे आणि मातीच्या तंबाखूच्या पाइपच्या काड्यांचे (नळ्यांचे) बारीक तुकडे मोठ्या जाळीतून निसटतात. चिकणमाती चाळणीवर घासू नका, हाताने फोडा; घासल्याने मऊ खापरांच्या कडा गोल होतात आणि झिलई निघते.

खड्डा खाली जाताना वाडग्यासारखा निमुळता होत जातो, ही जवळजवळ प्रत्येक गटाची चूक. बाजू ओळंब्याने तपासत सरळ ठेवा. कडेवर उभं राहू देऊ नका. कड ढासळली की वरचं बाटलीचं झाकण खालच्या थरात पडतं आणि तुमची कालगणना बिघडते. खणलेली माती कडेपासून किमान एक मीटर लांब टाका. १.२ मीटरखाली कधीच जाऊ नका, आणि सैल भराव असेल तर त्याच्या बरंच आधी थांबा.

प्रत्येक थराच्या तळाचं छायाचित्र मोजपट्टी, उत्तरदिशेचा बाण आणि खड्डा व थराची पाटी ठेवून घ्या. शेवटी निदान एका भिंतीचा छेद १:१० प्रमाणात कागदावर काढा. काढताना हात मंदावतो आणि त्यामुळेच डोळ्याला छायाचित्रात न दिसलेली थरांची सीमा दिसते.

तीन गोष्टी निघाल्या तर काम बंद. करड्या सिमेंटच्या नागमोडी पत्र्याचे तुकडे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. विसाव्या शतकातल्या पबांच्या शेडना हे पत्रे सर्रास असत. ते मोडू नका, चाळू नका. ओलं करून झाका आणि मालकाला कळवा. माणसाची हाडं वाटली तर तशीच झाकून पोलिसांना कळवा. ती काढायला १८५७च्या दफन कायद्याखाली परवाना लागतो. बॉम्ब किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर सगळ्यांना मागे घ्या आणि पोलिसांना फोन लावा.

निघतं काय, आणि ते कसं वाचायचं

थराचं वय त्यातल्या सगळ्यात जुन्या वस्तूवर ठरत नाही, सगळ्यात नव्या वस्तूवर ठरतं. सतराव्या शतकातल्या तीस खापऱ्यांमध्ये बाटलीचं एक दातेरी पत्र्याचं झाकण निघालं, तर तो थर १८९२ नंतरचा. त्या वर्षी विल्यम पेंटरला या झाकणाचं पेटंट मिळालं. अर्थात ते झाकण उंदराच्या बिळातून किंवा ढासळलेल्या कडेतून आलेलं नाही ना, हे आधी पाहा. गांडुळं बारीक वस्तू खाली नेतात, म्हणून एकट्या तुकड्यावर निष्कर्ष बांधू नका.

मातीचे तंबाखूचे पाइप हा पबच्या जागेचा सगळ्यात उपयोगी पुरावा. ते स्वस्त असत, चटकन मोडत आणि तिथेच फेकले जात. सुरुवातीला, तंबाखू महाग असताना, तंबाखू भरायची वाटी बोटाच्या टोकाएवढी. पुढे ती मोठी होत गेली. एकोणिसाव्या शतकात शिवणीवर पानांची नक्षी आली आणि बफेलो नावाच्या बंधुमंडळाची शिंगांची चिन्हं आली. नुसत्या काड्या असतील तर भोक मोजा. ड्रिलची मापाची पाती घेऊन त्यांचा बोथट दांडा भोकात सरकवायचा. १९५४ मध्ये हॅरिंग्टन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने मांडलेल्या कोष्टकानुसार साधारण १६२०पर्यंत ९/६४ इंच, १६५०पर्यंत ८/६४, १६८०पर्यंत ७/६४, १७१०पर्यंत ६/६४, १७५०पर्यंत ५/६४ आणि १८००पर्यंत ४/६४. मात्र हे काड्यांच्या ढिगासाठी आहे. चार काड्या मोजून साल सांगू नये. आणि एका पाइपच्या काडीचे अनेक तुकडे होतात, म्हणून पाइप किती होते हे वाट्यांवरून मोजा.

भांड्यांत जर्मनीतल्या फ्रेखनचे दाढीवाल्या चेहऱ्याचे तपकिरी जग, वेस्टरवाल्डचे करड्यावर निळ्या रंगाचे मग, आणि १७२०नंतरचं पांढरं मीठझिलईचं भांडं ओळखायला शिका. १७६०च्या दशकापासून मलईरंगी भांडी, १७८०च्या सुमाराला निळसर झाक असलेली पांढरी, मग छापील निळी नक्षी. झाडाच्या फांद्यांसारखी तपकिरी नक्षी असलेले ‘मोका’ मग तर पबांत खूप वापरले जात.

मगाच्या कडेखाली मुकुट आणि अक्षरांचा शिक्का दिसला की सगळे खूश होतात, आणि इथेच चूक होते. १७००च्या सुमाराच्या कायद्याने बिअरच्या मापांवर मुकुट आणि विल्यम राजाची ‘डब्ल्यू.आर.’ ही अक्षरं आली. विल्यम १७०२ मध्ये वारला, पण शिक्का त्यानंतर कित्येक दशकं चालू राहिला. तेव्हा अक्षरांवरून राजा ओळखून साल लावू नका. भांड्याची माती आणि झिलई पाहा.

काचेत १६८०पासून अर्धशतकभर कांद्यासारख्या फुगीर, जवळजवळ काळ्या बाटल्या. मग त्या उंच आणि सरळ होत गेल्या. रिकेट्सने १८२१ मध्ये पेटंट घेतलेल्या बाटलीच्या साच्यानंतर शिवण दिसते. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला आणि काच स्वस्त झाली. गळ्यात चिमटा असलेली जाड बाटली मराठी माणसाला लगेच ओळखू येईल: हीच आपल्या गोटी सोड्याची बाटली, हायरम कॉडने १८७०च्या दशकात आणलेली. अखंड क्वचित मिळते, कारण गोटीसाठी मुलं ती फोडत.

जस्तासारख्या दिसणाऱ्या प्यूटर धातूचे मग जवळजवळ कधीच निघत नाहीत. ते वितळवून परत वापरले जात. लाकडी आणि चामड्याची भांडी कुजून जातात. म्हणून ‘इथे मग सापडले नाहीत, म्हणजे पिणं कमी होतं’ असं लिहू नका.

सतराव्या शतकातली गावठी तांब्या-पितळेची टोकन नाणी, १६४८ ते १६७२ या काळातली, पबवाल्याचं नाव आणि चिन्ह घेऊन येऊ शकतात. धातूची कोणतीही महत्त्वाची वस्तू पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या, अधिकाऱ्याला दाखवा. १९९६च्या ट्रेझर कायद्यात बसणारी वस्तू, उदाहरणार्थ तीनशे वर्षांपेक्षा जुना सोन्या-चांदीचा दागिना, चौदा दिवसांत कळवावी लागते.

धुणं, मोजणं आणि शेजारच्या खड्ड्याशी ताडून पाहणं

खापर, हाडं आणि पाइप साध्या पाण्यात मऊ टूथब्रशने धुवा, कडाही धुवा. लोखंड, तांबं, शिसं आणि पापुद्रे सुटणारी जुनी काच पाण्यात घालू नका. एका वेळी एकच पिशवी टबात. धुण्याच्या दिवशी दोन थर मिसळणं ही खोदाईपेक्षाही जास्त वेळा होणारी चूक आहे. वर्तमानपत्र घातलेल्या ट्रेमध्ये, लेबलासह, सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. ओलं बंद केलं की बुरशी धरते. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खापरावर आतल्या बाजूला गाव, साल, खड्डा आणि थर लिहा. फुटीच्या कडेवर नको, तिथे जोड लावायचा असतो.

विटा आणि कौलं कंटाळवाणी वाटतात, तरी वजन करूनच टाका. खापऱ्या संख्येने आणि वजनाने दोन्ही मोजा, मग चार ढीग करा: पिण्याचं, वाढण्याचं, रांधण्याचं, साठवणीचं.

आता शेजारच्या घराचा खड्डा. समजा पबच्या खड्ड्यात एकाच काळातल्या शंभर खापऱ्यांपैकी चाळीस पिण्याच्या भांड्यांच्या आहेत. एकटा हा आकडा मुका आहे. शेजारच्या घरात तोच आकडा पस्तीस असेल, तर तुम्हाला पब दिसलेला नाही, त्या काळचं साधं घर दिसलं आहे. तिथे तो दहा असेल, आणि बादलीमागे पाइपच्या वाट्याही पबकडे कितीतरी जास्त असतील, तर मात्र बोलायला जागा आहे. शिंपल्यांचे ढीग, मोठ्या थाळ्या, नाल आणि खोगिराच्या बकला याही बाजूला ठेवा, पण तुलना न करता त्यांच्यावरून ‘इन’ ठरवू नका. गावभरचा कचराही पबच्या मोकळ्या परसात येऊन पडत असे.

खड्डा बुजवताना तळाशी चालू सालाचं नाणं किंवा लेबल असलेली पिशवी ठेवा, म्हणजे पुढच्या खोदणाऱ्याला तळ कळेल. माती वीस-वीस सेंटिमीटर भरून चोपा, हिरवळ त्याच क्रमाने बसवा, पाणी घाला आणि महिन्याभराने खचली असेल तर भर टाका. अहवाल ओएसिस या ऑनलाइन नोंदणीत आणि काउंटीच्या पुरातत्त्व नोंदवहीत द्या. ज्या खड्ड्यात काहीच निघालं नाही त्याचीही जागा, तळाची खोली आणि चाळलेल्या बादल्यांची संख्या त्यात लिहा.